कोरडी खदान

हुकूमचंद शेठच्या ताराबाईले रुखमाबाईच्या तोंडावर एक गोष्ट सांगायची होती. दोन वरसं झाली तरी ती तिच्या ओठातून बाहेर निघाली नाई. गावात ती गोष्ट फक्त तिघायले ठाऊक होती: तिले, तिच्या नवऱ्याले अन् मले.

मी देवमन. भाड्याची बैलगाडी हाकतो. त्याच्या आधी नऊ वरसं गावच्या खदानीत पहार मारली. आता कोणी म्हणन, देवमन, मेलेल्या बाईची गोष्ट तू कायले उकरून राह्यला? तर बावा, ऐकायची नसन तर उठून जा, मी काही कोणाले हात धरून बसवलं नाई. बसले असान तर मधात बोलू नका.

ताराबाई वाशीमची लेक. पंधरा-सोळाची असताना आमच्या गावात देल्ली. गावात जैनायचं घर एकच अन् दुकानही एकच. मीठ, तेल, कापड, बियाणं, सारं तिथंच. बाई अंगानं काडी, आवाज मोठा अन् नियम आवाजाहून मोठे. दिवस बुडाला का चूल बंद. कांदा नाई, लसूण नाई. ज्वारीतले सोंडे निवडले का फेकायचे नाई, वाटीत धरून निंबाखाली सोडायचे अन् वरून मूठभर ज्वारी टाकायची. का, तर त्यायनं खाव काय? आमी चिडवायचो, "भाभी, सोंड्यायचं बारसं कवा हाय?" ती म्हणे, "तुमच्या लग्नाच्या आधी करीन, देवमनभाऊ. तुमचा काई नेम नाई." मी तवा तिशीत पोचलो होतो अन् कोणी पोरगी देत नव्हतं, म्हणून ते बोलणं लागे बी अन् हसू बी ये.

पाण्याचा तिचा नियम साऱ्यात कडक. पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं. फडक्यावर जे बारीक जीव राहतात, त्याले ते लोक जिवाणी म्हणतात. जिवाणी नालीत नाई टाकायची. ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ती परत गेली पाहिजे, अन् वरून फेकायची बी नाई, जिवाले मार लागते. म्हणून तिच्या बादलीच्या बुडाले एक कडी होती अन् कडीले दुसरा दोर. बादली पाण्याले टेकली का तो दोर ओढायचा, बादली हळूच कलंडते, जीव आपल्या घरी जातात. आमाले ते सारं खूळ वाटे. पण बाई मनानं चांगली होती. माह्या मायच्या शेवटच्या दुखण्यात तिनं महिनाभर मुगाचं पाणी पोचवलं, हे मी विसरलो नाई.

आता खदान. गावाच्या उगवतीले टेकडी हाय. तिथं एका ठेकेदारानं सडकेसाठी काळा दगड काढला. वर एक खदान, खाली एक. त्रेसष्ट साली रूपला नावाचा माहा जोडीदार सुरुंगात गेला. बत्ती देल्ली, सुरुंग उडाला नाई, तो वाकून पाहायले गेला अन् मंग उडाला. त्याच साली ठेकेदारानं आपलं बिऱ्हाड हालवलं. दोन मोठे खड्डे, मोडका ढकलगाडा अन् रूपलाची विधवा बायको, येवढं मागं ठेवून गेला. खालच्या खदानीत बारमाही पाणी राह्यलं. पावसाळ्यात ते भरून नाल्यात उतरे अन् नाला गावविहिरीच्या बाजूनं जाई. वरची मात्र कोरडीच. श्रावणात धो धो पडलं तरी दोन दिवसांत तळ उघडा. म्हणून तिले आमी कोरडी खदान म्हणायचो.

सन सत्तरचा भादवा. कपाशीवर अळी पडली अन् शेठजीनं पह्यल्यांदा अळी मारायचं औषध विकायले आणलं. पत्र्याचे डबे, वर कवटीचं चित्र. नेमकं ताराबाईचं दशलक्षण चालू होतं, म्हणजे त्यायचे भादव्यातले दहा दिवस उपासाचे. तिनं डबे पाह्यले अन् अन्न सोडलं. शेठजी म्हणे, "अगं, मारणारे लोक. आपण थोडेच मारून राह्यलो?" ती म्हणे, "हत्यार देणारा बी मारणाराच. हे डबे घरात हायत तोवर माह्या पोटात घास जाणार नाई." ज्या दलालाकडून आणले तो डबे परत घेईना. दुसऱ्या दुकानदाराले द्यायचे तर तो बी विकणारच. चौथ्या दिवशी शेठजी माह्या दारात आला, तोंड पार उतरलेलं. "देवमन, गाडी जोत रे बावा. कुठं बी नेऊन टाक. बाई मरून जाईन."

मी डबे भरता भरता म्हटलं, खालच्या खदानीत टाकतो, बुडून जातीन. आतून ताराबाईचा आवाज आला, उपासानं बारीक झालेला. "पाण्यात नका टाकू, भाऊ. पाण्यात जीव असतात. वरच्या कोरड्या खदानीत टाका. तिथं काईच नाई, गवत बी नाई."

मी टाकले. भर दुपारी, राजरोस, पण टेकडीवर पाहायले कोणी नव्हतं. काही डबे दगडावर आपटून फुटले, घाण वास सुटला. मी नाकाले धोतराचा सोगा लावला अन् बैल हाकलले.

आता ऐका. नऊ वरसं मी त्या दगडात पहार मारलेली. कोरडी खदान कोरडी काहून राहते, हे गावात कोणाले ठाऊक नसन, मले ठाऊक होतं. तिच्या तळाले चीर हाय. वरचं सारं पाणी त्या चिरीतून खाली झिरपते, खालच्या खदानीत. ते मी विसरलो नव्हतो. त्या दुपारी फक्त माह्या डोक्यात आलं नाई. लोक म्हणतात, डोक्यात आलं नाई म्हणजे दोष नाई. म्हणू द्या लोकायले.

पुढच्या पावसाळ्यात खालच्या खदानीत बेडकं ओरडले नाई. साऱ्या शिवारात डराव डराव अन् तिथं चिडीचूप. गुराखी सांगत, खदानीपाशी गेलं का कानात बोळे कोंबल्यावानी वाटते. पाण्यावर चतुर नाई, बगळा नाई. गावानं ठरवून टाकलं, रूपलाच्या भुतानं बेडकं खाल्ली. कोणी त्याच्या नावानं कोंबडी सोडली, कोणी नारळ ठेवला. मी बी ठेवला, खोटं कायले बोलू. तो माहा जोडीदार होता.

मंग बहात्तरचा दुष्काळ. माघापर्यंत गावच्या विहिरी खडखडीत. सरकारनं खडी फोडायचं काम काढलं, ते बी त्याच टेकडीवर. बाया, म्हातारे, लेकरं, सारं गाव दिवसभर तिथं. प्यायले पाणी कुठं? खालच्या खदानीत. भुताची भीती तहानेपुढं किती दिवस टिकणार? तरी बाया कचरत होत्या. तवा ताराबाई आली आपलं फडकं घेऊन. पाणी काढलं, गाळलं, फडकं उन्हात धरलं. फडक्यावर काईच नाई. तिनं दुसऱ्यांदा गाळलं, तिसऱ्यांदा गाळलं. एक जीव नाई. तिचे डोळे भरून आले. "बायांनो, असं पाणी मी जन्मात नाई पाह्यलं. निर्दोष पाणी हाय हे. हे पिऊन कोणाचाच जीव जात नाई. प्या."

तिच्या धर्मात ते बिनपापाचं पाणी होतं, वं माय. जिथं मारायले जीवच नाई, तिथं पाप कायचं? तिले वाटलं देवानं दुष्काळात तिच्यासाठी असं पाणी राखून ठेवलं. बाया प्याल्या. पह्यली घागर रुखमाबाईनं भरली.

रुखमाबाई म्हणजे शालिग्रामची बायको. खडी फोडण्यात गडी बी तिच्या मागं पडत. बोलायले तिखट, हासायले मोकळी. तिले एकच लेक, चंदा, सहा वरसाची; सारे चंदी म्हणत. पोरगी दिवसभर खडीच्या ढिगावर बसून गोट्यायचे बैल करे अन् माह्या गाडीमागं लोंबकळे. मी ओरडलो का जीभ दाखवे.

पाणी जसं आटून तळाले गेलं तसं फागुनात पह्यले बकऱ्या मेल्या. मंग दोन पोरायले फेफरं आलं, हातपाय वाकडे, तोंडाले फेस. वाचले ते. गाव म्हणे, रूपला लागला. अंगारे झाले, लिंबं उतरवले, अन् लोक तेच पाणी प्यायले.

चैतात ताराबाईच्या घरी दोन जागचं पाणी येत होतं, खदानीचं जास्त अन् मंगरूळच्या वाटेवरच्या एका मळ्यातलं घागरभर. मळ्याच्या पाण्याची जिवाणी तिनं वाटीत ठेवली होती, मळ्यात परत पोचवायले. ती वाटी तिच्याच हातून खदानीच्या पाण्याच्या गंजात कलंडली. ती पाहत बसली. बारीक लालसर अळ्या एकदम जोरानं वळवळल्या, मंग एकेक करून ताठ झाल्या अन् बुडाले गेल्या. चहा उकळेपर्यंत सारं खलास. दुसऱ्या पाण्यात जीव मरतात हे तिले ठाऊक होतं, पण ते दिवसा-दोन दिवसांत, निपचित पडून. असे तडफडून मरताना तिनं कधी पाह्यले नव्हते.

भर उन्हात ती अनवाणी माह्या अंगणात आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर, कधी असा पाह्यला नव्हता. "देवमनभाऊ, ते डबे कुठं टाकले होते?"

"तुमी सांगितलं तिथंच. कोरड्या खदानीत."

"तिथलं पाणी कुठं जाते?"

तवा ते माह्या डोक्यात आलं. इतक्या दिवसानं. "खाली जाते, भाभी," मी म्हटलं. "खालच्या खदानीत."

ती तिथंच शेणामातीत बसली. मंग उठली. "सांगते. आत्ता जाऊन साऱ्यायले सांगते." अन् मी तिच्या वाटेत आडवा झालो. मी म्हटलं, "भाभी, येड्या का खुळ्या? दुष्काळानं लोक आधीच तापले हायत. तुमचं दुकान जाळतीन, माहे बैल सोडून नेतीन. पाणी पिऊ नका येवढंच सांगा. काहून ते कायले सांगता?" हे मी म्हटलं. ती नाई, मी. हे नीट ध्यानात ठेवा.

ती खदानीवर गेली. "बायांनो, हे पाणी पिऊ नका. खराब झालं."

"काहून?" बायायनं इचारलं.

"झालं खराब."

रुखमाबाई हातोडी ठेवून खदखदा हासली. "काल निर्दोष अन् आज खराब? शेठाणीबाई, आता हे पाणी बी दुकानात भरून ठेवता का?" साऱ्या हासल्या. ताराबाईचे ओठ हालले. तिनं माह्याकडे पाह्यलं. मी बैलाच्या जोत्याची गाठ आवळत होतो. ती गाठ आवळलेलीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंदी उन्हातून आली अन् मायले पाणी मागितलं. रुखमाबाईनं तांब्याभर देल्लं. चार वाजता पोरगीले झटके सुरू झाले. मंगरूळच्या दवाखान्यात न्यायले माहीच गाडी जोतली. त्याच फळ्या, ज्यायच्यावर डबे नेले होते. अर्ध्या वाटेवर रुखमाबाई म्हणे, "देवमनभाऊ, बैल हळू हाका, आता घाई नाई." मी तरी बैलायले मारतच राह्यलो. थांबायचं कसं ते मले सुचेना.

त्याच्यानंतर खदानीच्या पाण्याले कोणी हात लावला नाई, पण औषधाच्या भीतीनं नाई, रूपलाच्या भीतीनं. ताराबाई वाळत गेली. पाणी गाळताना कोऱ्या फडक्यावर चंदीचे डोळे दिसतात, असं तिनं मले एकदा सांगितलं. मले काय होते ते मी तिले सांगितलं नाई. रिकामी गाडी हाकली का मागं कोणी तरी लोंबकळते असं वाटे. वजन हलकं, पण वजनच. बैल बी मधातच थबकत अन् कान मागं करत. मी मान वळवून कधी पाह्यलं नाई.

भादवा आला. दशलक्षण सरलं का त्यायच्यात क्षमावणी असते. त्या दिवशी ओळखीच्या साऱ्यायले हात जोडून म्हणायचं, जाणता-अजाणता काही चुकलं असन तर क्षमा करा. ताराबाई दर साली साऱ्या गावात घरोघर जाई. लोकायले त्याची मजा वाटे. "केली बाई क्षमा, चहा घ्या," असं म्हणत अन् मंग आठवे का ही बाई आपल्या घरचा चहा घेत नाई. त्या साली ती रुखमाबाईच्या दारात उभी राह्यली. मी तिथंच ओट्यावर शालिग्रामपाशी बसलो होतो. ताराबाईनं हात जोडले. "माह्याकडून काही चुकलं असन तर..." अन् तिथंच अडकली.

रुखमाबाई म्हणे, "तुमचं काय चुकलं, माय? तुमी तर नको म्हणत होत्या. मीच हासली." अन् रडायले लागली. ताराबाई भिंतीले धरत धरत घरी गेली. चौऱ्याहत्तरच्या भादव्यात बी हेच झालं. दोन्ही खेपेस मी ओट्यावर होतो.

साफ करायचं तिनंच काढलं. त्या दुसऱ्या खेपेच्या आधी, चौऱ्याहत्तरच्या माघात मले म्हणे, "पाणी नाल्यात उतरते, नाला विहिरीपाशी जाते. पुढं कोणाचं लेकरू?" मंगरूळले जाऊन शेतकीच्या एका साहेबाले तिनं इचारलं. त्यानं सांगितलं, डबे जाळू नका. चिकणमाती अन् चुन्याचा थर देऊन पाण्यापासून दूर खोल पुरा, हाताले फडकी बांधा. शेठजी कुरकुरला, "आपण वाशीमले भावाकडं जाऊ, सोड हे गाव." ती म्हणे, "तुमी जा." तो गेला नाई. चुन्याची पोती मात्र मुकाट्यानं पाठवत राह्यला. मी कोरड्या खदानीतून गंजलेले डबे काढले, खालची माती खरवडली, टेकडीच्या पल्याड मुरमात गड्डा करून पुरली. चीर शोधली अन् चुना, विटांची भुकटी कोंबून ठोकून बुजवली. मंग खालची खदान. उन्हाळ्यात पाणी तळाले गेलं का चिखल काढायचा. ताराबाई तिसऱ्या माणसाले हात लावू देत नव्हती. गाव म्हणे, शेठाणी रूपलाले उठवून राह्यली, पहा आता काय होते ते.

पंचाहत्तरचा वैशाख. एक दिवस रुखमाबाई टोपलं घेऊन आली. "माह्या लेकीचा जीव इथं अडकून हाय म्हणून तुमी येवढं करून राह्यल्या, शेठाणीबाई. अन् मी माय असून घरी बसू?" ताराबाईनं लय समजावलं. रुखमाबाईले सहावा महिना होता. "पोटुशी बाईनं इथं येऊ नाई, घरी जा." पण रुखमाबाई कोणाचं ऐकन? ती वर दोराशी उभी राह्यली. मी खाली टोपलं भरे, ती ओढे, उघड्या हातानं चिखल सावरे.

दुपार झाली. रुखमाबाईनं हात लुगड्याले पुसले अन् भाकर सोडली. पह्यला घास मोडला तशी ताराबाई धावली अन् तिच्या हातावर फटका मारला. भाकर मातीत पडली. दुष्काळ सरून दोनच वरसं झालेली, भाकर मातीत पाडणं म्हणजे शिवीच. रुखमाबाई भडकली. "माह्या भाकरीवर लसणाची चटणी हाय म्हणून काय? मी काय तुमच्या चुलीपाशी येऊन बसली का?"

"त्या हातानं खाऊ नका! जहर हाय त्या चिखलात!"

"कायचं जहर?"

मंग ताराबाईनं सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता. "माह्या घरातले अळी मारायचे डबे. मीच सांगितलं, कोरड्या खदानीत टाका. ते खाली झिरपलं. तेच पाणी मी तुमाले निर्दोष म्हणून पाजलं. चंदीच्या तीन दिवस आधी मले समजलं होतं. मी 'खराब' म्हटलं, 'औषध' नाई म्हटलं. भेली. रूपलानं नाई मारली तुमची लेक, रुखमाबाई. मी मारली."

रुखमाबाईनं आपले हात उलटेसुलटे करून पाह्यले. मंग म्हणे, "तीन दिवस?"

"तीन दिवस."

"औषध म्हणाल्या असत्या, तर मी हासली असती का वं?"

"नाई."

"दोन वरसं झाली, मी माह्या त्या हासण्याले शिव्या देऊन राह्यली. रोज." तिचा आवाज चढला नाई, त्याचंच भेव वाटलं. "डबे इथवर आणले कोणी? गाडी कोणाची होती?"

गावात गाड्या सात. शेठजीचा माल त्यातल्या तिघायच्या गाडीवर येई. ताराबाई म्हणे, "ते मी नाई सांगणार. मी माहं सांगितलं. ज्याचं त्यानं सांगाव."

मी खाली, बारा हात खोल, गुडघाभर चिखलात. सारं ऐकू येत होतं. वर आभाळाचा तुकडा अन् त्याच्यात दोन बायायची डोकी. आत्ता बोल, देवमन, आत्ता. मी तोंड उघडलं बी. अन् मी काय केलं? दोर हालवला. टोपलं भरलं, ओढा, म्हणून.

कोणी ओढलं नाई. रुखमाबाई घरी निघून गेली.

त्याच सांजेले ताराबाई मारुतीच्या पारावर गेली अन् साऱ्या गावाले सांगितलं. तिथं बी माहं नाव घेतलं नाई. लोक लय भडकले, दुकानाच्या फळ्यायवर गोटे बसले, चार दिवस कोणी पायरी चढलं नाई. मंग मीठ सरलं अन् लोक आले. मीठ सरलं का गावाचा राग सरते. एकट्या शालिग्रामच्या घरचं मीठ मंगरूळहून येत राह्यलं.

आठव्या दिवशी रुखमाबाई खदानीवर आली. हाताले गोणपाट गुंडाळलेलं, नाकातोंडाले फडकं. "मी क्षमा करायले नाई आली," ती ताराबाईले म्हणे. "पोटातलं लेकरू ह्याच गावचं पाणी पिणार हाय. चिखलाले हात नाई लावणार, दोर ओढीन." अन् दोर ओढला. श्रावणात तिले लेक झाली, रंगू.

त्या भादव्यात ताराबाई तिच्या दारात गेली. यावेळी अडकली नाई. "चंदीसाठी क्षमा करा."

"नाई," रुखमाबाई म्हणे.

"पुढच्या साली येऊ?"

"या."

शहात्तरले नाई. सत्त्याहत्तरले नाई. दर उन्हाळ्यात दोघी एका दोराशी काम करत, कामापुरतं बोलत. दुपारी हात चुन्याच्या पाण्यानं धुवायचे. ताराबाई आपला डबा घेऊन दूर निंबाखाली बसे. रुखमाबाई माह्यासाठी रोज एक भाकर जास्त आणे. "खा, देवमनभाऊ. तुमाले तर काही देणंघेणं नव्हतं, तरी माह्या लेकीच्या पाण्यासाठी चार वरसं चिखलात उतरता." ताराबाईले ते ऐकू जाई. ती मान वर करत नव्हती. अन् मी भाकर खाई. भूक लागे, खाई. चटणी बी मागून घेई.

पाणी चांगलं झालं का नाई, हे कळायले एकच उपाय होता, त्यात जिता जीव टाकून पाहायचा. ते ताराबाई करू देईना. ती दर महिन्याले गाळून पाहे अन् फडकं कोरं निघालं का तोंड फिरवून घेई. अठ्ठ्याहत्तरच्या आषाढात फडक्यावर एक लालसर अळी वळवळली. बाई पोरीवानी हासली. बादलीच्या कडीचा दोर ओढून तिनं अळी परत पाण्यात सोडली अन् मले म्हणे, "देवमनभाऊ, हे झालं. आता तुमचं राह्यलं." मले समजलं. मी बैलायले पाणी पाजायचं निमित्त काढलं. पंधरा दिवसानं खदानीतून बेडकायचा आवाज आला. गावानं रूपलाले शेवटचा नारळ देल्ला.

त्या भादव्यात बी रुखमाबाई "नाई"च म्हणाली.

एकोणऐंशीच्या पौषात ताराबाई तापानं गेली. कायचा ताप ते डॉक्टरले बी समजलं नाई. तिले नेताना रुखमाबाई वाटेच्या कडेले उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिसऱ्या दिवशी ती मले विहिरीवर भेटली. रंगू तिच्या लुगड्याले धरून उभी, साडेतीन वरसाची, थेट चंदीचं तोंड. मी त्या पोरीकडे फार वेळ पाहत नाई.

रुखमाबाई म्हणे, "मी दर साली नाई म्हणत राह्यली. ह्या साली हो म्हणाली असती का, मले बी ठाऊक नाई. पण ती आली असती, येवढं पक्कं." घागर भरली. मंग दोर हातातच धरून म्हणे, "देवमनभाऊ, तिनं गाडीवाल्याचं नाव काही घेतलं नाई शेवटपर्यंत. तुमी शेठजीच्या घरचेच. तुमाले ठाऊक असन. कोणाची होती गाडी?"

विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं. ताराबाई नव्हती, जिच्याकडे मी पाह्यलं असतं. सांगून टाकायले अशी जागा मले पुन्हा कवा भेटणार होती?

"नाई वं बाई," मी म्हटलं. "मले काय ठाऊक?"

तिनं मान हालवली. "जाऊ द्या. ज्याची असन त्याची. तिनं तरी सांगितलं. तुमी भला माणूस, म्हणून तुमाले इचारलं."

घागर कमरेवर घेतली, रंगूचं बोट धरलं अन् ती घराकडं निघाली. मी तिले जाऊ देल्लं.